बारा यार्ड मागे

शुक्रवारी संध्याकाळी मी साखळीची काठी धरतो.
पगार नाही; एक हॉट डॉग,
आणि मैदानाच्या कडेला उभं राहायची जागा.
पलीकडे धान्याचं उंच कोठार, त्याच्या माथ्यावरचा लाल दिवा,
आणि कॅन्ससचा वारा, जो कुठल्याच संघाचा नाही.

लोक चेंडू बघतात.
मी त्या पोराला बघतो
जो चेंडूपासून बारा यार्ड मागे
गुडघे किंचित वाकवून उभा असतो,
चुकून भलत्याच लग्नाला आल्यासारखा.

अँसेल्म ड्रायलिंग, नंबर एकतीस.
आई टपाल कचेरीत. गालावर अजून मुरूम.

त्याचा जोडीदार रूबेन ओलिवास पुढे सरकून उभा राहतो,
खांद्यानं बोलायला.
त्याला स्ट्राँग सेफ्टी म्हणतात, ते पटतं.
अँसेल्मला म्हणतात फ्री.
अख्ख्या मैदानात
याच्याइतका बांधलेला माणूस नाही.

चेंडू सुटतो, पुढचे सगळे झेपावतात,
याचं पहिलं पाऊल मागे.
पाऊल मागे घेणाऱ्याला गाव काय म्हणतं ते मला ठाऊक आहे.
जो तो म्हणतो, मी तुझ्या पाठीशी आहे.
हा खरोखरच असतो.
बारा यार्ड.

कोच वेंडेल सांगतो, क्वार्टरबॅककडे बघू नकोस,
खोटं बोलणं हेच त्याचं काम.
समोरच्या जाड्या पोरांची हेल्मेटं बघ:
खाली राहिली तर धाव, वर आली तर पास.
जाड्यांना खोटं बोलायला सवड नसते.

मलाही हेच शिकवलं होतं.
एकोणीसशे शहाऐंशी, नोव्हेंबर, हेच मैदान,
तिसरा डाउन, त्यांना एक यार्ड हवा होता.
क्वार्टरबॅकनं धावणाऱ्याच्या पोटात चेंडू खुपसला.
खुपसला नव्हता.
नुसती हूल.
मी पुढे धावलो. चार पावलं.
नंतर फार वेळा मोजली आहेत मी ती,
अंथरुणात, कम्बाइनवर बसून, एकदा चर्चमध्येसुद्धा.
चौथ्या पावलाला हेल्मेटं वर आलेली दिसली
आणि डोक्यावरून काहीतरी गेलं,
पक्ष्यासारखं वगैरे नाही. चेंडूसारखंच.
वळलो तेव्हा त्याच्या पाठीवरचा अठ्ठ्याऐंशी
लहान लहान होत चालला होता.
या कामात पाठ दिसली की
उशीर झालेला असतो.

गाव काही बोललं नाही.
डिझेल पंपावरच्या म्हाताऱ्यानं सुट्टे पैसे देताना
माझ्या हातांकडे बघितलं, एवढंच.
बापानं जेवताना मीठ मागितलं.
त्याआधीचे नऊ सामने
माझ्या मागे कोणी गेलं नव्हतं.
पण न झालेले टचडाउन
फळ्यावर कुठे लिहितात?

आज पुन्हा तिसरा डाउन.
अंतर माझ्याच काठीच्या मापानं, जेमतेम एक यार्ड.
पुन्हा चेंडू पोटाशी, पुन्हा तीच हूल,
रूबेन गेला, लाइनबॅकर गेले, बाकांवरचे सगळे उठून गेले,
माझाही डावा पाय गेला, खोटं कशाला बोलू.
अँसेल्मचा बूट हलला
अर्धं पाऊल
आणि थांबला.
मग तो मागे, मागे, कंबर फिरवून मागे,
दिव्यांचा उजेड जिथे पातळ होतो तिथपर्यंत,
त्या मोकळ्या सुटलेल्या पोराच्याही पलीकडे.

क्वार्टरबॅकनं वर पाहिलं. हात उचलला. थांबला.
कुठेच जागा नव्हती.
चेंडू त्यानं कडेला फेकून दिला,
तो घरंगळत माझ्या बुटाशी आला.

पास अपूर्ण, एवढंच लाउडस्पीकर म्हणाला.
लोक कॉफी आणायला उठले.
कुणीतरी रूबेनचं नाव घेऊन ओरडलं.

अँसेल्म तिथेच, कमरेवर हात ठेवून,
आपल्या मागचं रिकामं गवत बघत होता,
कुणी राहून तर गेलं नाही ना.

मी चेंडू पंचाकडे टाकला.
आणि सवयीनं
मीही मागे वळून पाहिलं.
ट्रक उभे होते ओळीनं, काचांवर दव.
कोणी नव्हतं.